सव्वातीन टक्के

सोहारला शुक्रवारी दुपारी
आमच्या खोलीत बँक भरते.
तीन खाटा, एक शेगडी, एसीखाली लावलेली बादली,
आणि मी.
नऊ वर्षं मी संगमेश्वरात पिग्मी गोळा केली,
दारोदार, दहा-दहाच्या नोटा,
चहाच्या कपाखाली ठेवलेल्या,
काहींना मासळीचा वास.
तेव्हापासून लोकांना वाटतं
मला व्याजातलं कळतं.

दत्ताराम खवणेकर मोबाईल पुढे करतो.
"हे बघ, सहा टक्के! दर महिना पन्नास रियाल.
बाकीचे दोन-अडीचवर बसलेत."
मी म्हणतो, खालचं बारीक वाच.
तो म्हणतो, चष्मा गावी राहिला.

मग मीच वाचतो.
बारा महिने. मध्ये काढायचे नाहीत, जास्त भरायचे नाहीत.
एक हप्ता चुकला तर सहाचा होतो अर्धा टक्का.
वर्ष सरलं की पैसे आपोआप साध्या खात्यात,
तिथे व्याज नावापुरतं,
लग्नात फेटा बांधून बसवलेल्या लांबच्या काकासारखं.

आणि दत्ता, सहा म्हणजे सहा नव्हेत.
जानेवारीचे पन्नास वर्षभर राबतील.
फेब्रुवारीचे अकरा महिने.
डिसेंबरचे तर आत्ता विमानातून उतरलेत,
त्यांचं कार्डसुद्धा झालेलं नाही,
ते काय कमावणार?
बिस्किटांच्या पुठ्ठ्यावर मी मांडून दाखवतो:
सहाशेवर साडेएकोणीस रियाल.
सव्वातीन टक्के.

तो पुठ्ठा उलटा करून मागे बघतो,
उरलेले पावणेतीन तिकडे असावेत तसे.
"म्हणजे फसवतात?"
नाही रे. देतात सहाच.
फक्त जो जितके दिवस तिथे राहिला
त्याला तितक्या दिवसांचे.
माझी मुलगीसुद्धा असाच हिशेब करते.

नुरुद्दीन बामणे भिंतीकडे तोंड करून ऐकतो.
तो व्याज घेत नाही.
बँकेने टाकलंच तर बैशापर्यंत मोजून
वहीत लाल शाईने वेगळं लिहितो
आणि गावच्या एसटी स्टँडावरच्या मुतारीला देऊन टाकतो.
"पुण्य नको त्याचं," म्हणतो, "नुसतं जाऊ दे."
गेल्या साली त्यातून दाराला कडी बसली.

दत्ताने खातं उघडलं तरी.
पोरीच्या दातांना तार बसवायची होती,
आणि सव्वातीन अडीचपेक्षा जास्तच,
असं तो मला समजावत होता,
मी पिग्मीवाला असून.

ऑगस्टात पगार आला नाही.
कंपनी म्हणाली, पुढच्या आठवड्यात.
पुढचे आठवडे कंपनीकडे पुष्कळ होते.
सात हप्ते गेलेले, आठवा अडलेला,
तारीख अठ्ठावीस, आणि ती आजच.
दत्ता पाय खाली सोडून बसून राहिला,
जेवण झाकलेलं.

नुरुद्दीन उठला. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.
प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल,
रुमालात पन्नासची एक नोट, चौघडी घातलेली.
दत्ताच्या मांडीवर ठेवली.
माझ्या तोंडून सवयीने गेलं,
"किती टक्क्यांनी?"
तो हसला. "चपला घाल, चल."

रात्री साडेदहा. रस्ता अजून तव्यासारखा.
काचेच्या खोलीत आम्ही तिघं दाटीवाटीने,
आत इतका गारवा
की दत्ताला शिंक आली.
मशीनने नोट परत दिली.
पुन्हा दिली, पुन्हा परत.
नुरुद्दीनने ती काढून घेतली,
काचेवर पसरली, तळव्याने दाबली,
घड्यांच्या चारही रेषा सावकाश पुसल्या,
तांदळाचा एक दाणा निघाला, तो खिशात टाकला.
तिसऱ्यांदा गेली.

मशीनने विचारलं, आणखी काही व्यवहार?
दत्ताने आमच्याकडे पाहिलं,
आणि नाही दाबलं.